फ्रेंच गोष्टीला दिलेला हुंकारा

“माताजी, उस दिन आपने जिस हिम्मत से सब सुना, वो मैं कभी नहीं भूलूँगी,” तुझ्या विभागातल्या मॅडम माझा हात धरून म्हणाल्या.

विद्यापीठात, तुझ्याच वर्गात, तुझी शोकसभा होती. समोर टेबलावर तुझा फोटो होता आणि फोटोला झेंडूचा हार. मी त्याच खुर्चीवर बसले होते, जिच्यावर गेल्या हिवाळ्यात तू मला बसवलं होतंस.

“किस दिन?” मी विचारलं.

“जिस दिन मृणाल ने अपनी कहानी सुनाई थी. अपनी बीमारी की. हम सब रो रहे थे, और आप सामने बैठकर हुंकार भर रही थीं.”

“बीमारी की?”

मॅडमनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात सोडला. तापलेल्या तव्याला लागल्यासारखा सोडला. मी तुझ्या वर्गातल्या देविकाकडे पाहिलं, तर तिनं मान खाली घातली. माझ्या मुलाकडे, तुझ्या नवऱ्याकडे पाहिलं, तर सुहास खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर काही नव्हतं. एक कडुनिंब होता आणि त्याखाली उभ्या केलेल्या मोटारसायकली.

तुझं तेरावं होऊन गेल्यावर मला हे असं कळलं, मृणाल. तू आपलं मरण मला तोंडावर सांगितलं होतंस. फ्रेंचमध्ये. सगळ्या वर्गाला ते समजत होतं आणि मला समजत नव्हतं. आणि मी ठेवणीतलं इरकल नेसून, मान डोलवत, दर थांब्याला हुंकारा देत होते.

इथल्या, दिल्लीच्या मराठी मंडळातल्या बाई म्हणाल्या, सुनेवर चार ओळी लिहा, अंकात छापू. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला काय लिहिता येणार. त्या म्हणाल्या, तिचे गुण लिहा. गुण दुसरे लिहितील. ती हसतमुख होती, मनमिळाऊ होती, हे सगळ्या मेलेल्यांबद्दल लिहितात. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि आता कागदाखेरीज जागा उरली नाही.

तू पुण्याची. कॉलेजात फ्रेंच का घेतलंस असं मी पहिल्या वर्षी विचारलं, तेव्हा तू सरळ म्हणालीस, “मार्क पडतात म्हणून, आई.” ते मला आवडलं होतं. खोटं बोलत नाही पोरगी, असं मी सुहासच्या वडिलांना म्हटलं. ते सरकारी छापखान्यात होते, त्यांना भाषांचं कौतुक. ते तुला म्हणाले, काहीतरी बोलून दाखव. तू बोललीस. त्यांनी विचारलं, “काय म्हणालीस?” तू म्हणालीस, “आमटीत मीठ कमी आहे.” आमटी मी केली होती. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणजे माझ्यासमोर फ्रेंचमध्ये बोलून जायचं, ही तुझी खोड पहिल्यापासूनची. पण तेव्हा तू लगेच मराठीत सांगायचीस.

मग गुडगावची ती नोकरी. दुपारी गाडी न्यायला यायची, रात्री सोडायची. फ्रान्समधल्या लोकांची यंत्रं बिघडली की ते फोन करायचे आणि तू तो उचलायचीस. तुला तिथं मृणाल म्हणत नसत. तू सोफी होतीस. मला त्याची चीड यायची. मी म्हणायचे, “आईबापांनी ठेवलेलं नाव काय वाईट आहे?” तू म्हणायचीस, “त्यांना उच्चारता येत नाही, आई.” मी म्हणायचे, “मग शिकू दे की. तू त्यांची सगळी भाषा शिकलीस, त्यांना तुझी तीन अक्षरं जड होतात?”

तू जेवताना सांगायचीस आज कोण कोण काय म्हणालं ते. एकदा म्हणालीस, “आज एक म्हातारी रडत होती. वॉशिंग मशीन बंद पडलं म्हणून.”

“मशीनसाठी रडते?”

“मशीनसाठी नाही. घरात दुसरं कोणी नाही. मशीन चालू असलं की आवाज असतो, म्हणे.”

“मग बोललीस का तिच्याशी?”

“साहेबांनी कापायला लावला फोन. वेळ फार झाला होता.”

त्यानंतर तू ती नोकरी सोडलीस. सुहासला कारण वेगळं सांगितलंस, पण मला वाटतं कारण ती म्हातारी होती. आणि मग एक दिवस पेढे घेऊन आलीस आणि म्हणालीस, “आई, मला एम.ए.ला ॲडमिशन मिळाली. फ्रेंच.”

चाळिशीची सून दप्तर घेऊन निघाली. मी बोलले, ते आठवतं मला आणि मी ते परत घेत नाही. मी म्हटलं, “वर्गातली पोरं तुला मावशी म्हणतील.” तू म्हणालीस, “म्हणू द्या. मावशीला नोट्स जास्त मिळतात.” सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये विचारायच्या, “आंटी, बहू फिर से कॉलेज?” मी म्हणायचे, “हाँ, आपकी वाली किटी में जाती है, मेरी वाली कॉलेज में.” हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला डोक्यावर चढवायची माझी इच्छा नव्हती.

पहिल्या सत्रात तू मला म्हणालीस की तू फ्रान्सचं शिकत नाहीयेस, दुसऱ्याच लोकांचं शिकते आहेस. आफ्रिकेतले, बेटांवरचे. मी मेथी निवडत होते. मी म्हटलं, “मग ते फ्रेंच कशाला बोलतात?”

“फ्रेंचांनी त्यांना गुलाम केलं, उसाच्या मळ्यात राबवलं. त्यांची भाषा हिसकावली. मग त्यांनी मालकाची भाषा घेतली आणि तिच्यात आपल्या आज्ज्यांच्या गोष्टी सांगितल्या.”

“आणि शिव्या? शिव्या कोणत्या भाषेत द्यायचे?”

तू इतकी हसलीस की मेथीची जुडी खाली पडली. “हा प्रश्न मी उद्या वर्गात विचारणार,” म्हणालीस. विचारलासही. घरी येऊन सांगितलंस की मॅडम म्हणाल्या, यावर एक अख्खा प्रबंध होईल.

तिथंच आपलं ते भांडण सुरू झालं, जे संपलं नाही. मी म्हणायचे, जे आपल्या भाषेत सांगता येत नाही ते सांगायच्या लायकीचं नसतं. तू म्हणायचीस, “तसं नसतं, आई. काही गोष्टी दुसऱ्याच्या भाषेतच सांगता येतात. आपल्या भाषेत म्हटलं की त्या खऱ्या होतात.” मी म्हणायचे, “खऱ्या असतील तर होतीलच. भाषेनं काय फरक पडतो?” तू म्हणायचीस, “पडतो.” आणि उठून कुकर लावायचीस. जिंकत नसलीस की तू कुकर लावायचीस.

हुंकाऱ्याचं मीच तुला सांगितलं. सुरी माझीच होती, असं आता वाटतं.

आमच्याकडे, फलटणच्या अलीकडं, श्रावणात माझी आत्या कहाणी सांगायची. कहाणी ऐकल्याशिवाय पान वाढायचं नाही असा नेम. आणि हुंकारा देणारं कोणी नसेल तर कहाणी सांगायची नाही, हा दुसरा नेम. एकजण हुंकारा द्यायला बसायचं, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. हुंकारा देणारीचा आवाज जड व्हायला लागला की आत्या मध्येच थांबून विचारायची, “कुठवर आली गं गोष्ट?” सांगता आलं नाही तर कहाणी पहिल्यापासून. सगळी पोरं भुकेली, आत भाताचा वास सुटलेला, आणि एका झोपाळू पोरीपायी राजा परत शिकारीला निघायचा. न समजता दिलेला हुंकारा आत्याला चालत नसे. ती म्हणायची, नुसतं हं म्हणायला रेडकू पण म्हणेल.

हे ऐकून तू पोळपाटावरचं लाटणं हातात घेऊन नाचलीस. “आई! हे तर तिकडेही आहे! मार्तिनिक नावाचं बेट आहे, तिथं गोष्ट सांगणारा मध्येच ओरडतो, क्रिक? आणि ऐकणाऱ्यांनी ओरडायचं, क्राक! नाही ओरडले तर तो पुढं सांगतच नाही!”

“मग शहाणा आहे तो,” मी म्हटलं.

तेव्हापासून तू काही पाठ करायला लागलीस की मला समोर बसवायचीस. मी लसूण सोलायचे, तू बोलायचीस आणि मध्येच क्रिक म्हणायचीस. मी क्राक म्हणत नसे. मी आपलं हं म्हणायचे. तुला तेच हवं होतं. मला एक अक्षर कळत नसे, पण तुझा आवाज ऐकत बसायला बरं वाटायचं. सुहासचे वडील गेल्यापासून घरात मोठ्यानं वाचणारं कोणी नव्हतं.

मग दिवाळीत तुझं पोट दुखायला लागलं.

तू म्हणालीस, पित्ताशयात खडे आहेत. मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? खडे अर्ध्या दिल्लीला असतात. मी तळण बंद केलं, तूप बंद केलं, तुला मुगाची खिचडी आणि दुधी घालू लागले. आणि बोलत राहिले. “खा अजून कॅन्टीनचे समोसे. खा छोले भटुरे. खडे होतील नाहीतर काय मोती होतील?” तू ऐकून घ्यायचीस. कधी उलट बोलायचीस, “आई, दुधी खाण्यापेक्षा खडे बरे.” मी आणखी चिडायचे. पूर्ण हिवाळा मी तुला रोज बोलले. तू मला बोलू दिलंस.

जानेवारीत तू म्हणालीस, “आई, वर्गात गोष्ट सांगायची आहे. तोंडी परीक्षा आहे. तुम्ही चला.”

“मी काय करू तिथं?”

“हुंकारा द्यायचा. मी क्रिक म्हणून तुमच्याकडे पाहीन. त्यांना दाखवायचंय की आपल्याकडेही असतं.”

थंडी मरणाची होती. पायमोजे घालून वर चपला, अंगावर सुहासच्या वडिलांची शाल. वर्गात तू माझं नाव सांगितलंस आणि हिंदीत म्हणालीस, “ये मेरी सास हैं. कहानी सुनना मैंने इन्हीं से सीखा है.” पोरं उभी राहिली, मागच्या रांगेत बसलेला सुहासही. एकजण पाया पडला. चौथी शिकलेल्या बाईला विद्यापीठात कोणी असं उभं केलं नसेल. माझी छाती भरून आली. ती भरलेली छाती आता कुठं ठेवू, सांग.

तू सांगायला लागलीस. तुझा आवाज चांगला लागला होता. दर थांब्याला तू माझ्याकडे पाहायचीस, मी हं म्हणायचे. थोड्या वेळानं ती मॉरिशसची पोरगी, देविका, डोळे पुसायला लागली. मग दुसरी. मला वाटलं, वा, रंगली गोष्ट. मी हुंकारा जरा आणखी जोरात द्यायला लागले.

आणि मध्येच तू थांबलीस, आणि मराठीत विचारलंस, “आई, कुठवर आली गोष्ट?”

मला वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग. आत्याचं दाखवते आहे पोरगी. मी म्हटलं, “आली, आली. उंबऱ्यापाशी आली. तू सांग पुढं.”

मग पुढं सांगितलंस.

टाळ्या झाल्या. मॅडमनी तुला जवळ घेतलं. परत येताना गाडीत मी विचारलं, “एवढं काय होतं गं त्या गोष्टीत? ती पोरगी हुंदके देत होती.”

“एका बाईच्या पोटात एक पक्षी असतो.”

“मग?”

“मग काही नाही. तो मोठा होतो.”

“आणि बाई?”

“बाई तशीच राहते. स्वयंपाक करते, अभ्यास करते.”

“मूर्ख बाई आहे. पक्षी काय पोटात ठेवतात? कोणाला तरी सांगायचं, काढून टाकतील.”

तू काचेतून बाहेर बघत होतीस. म्हणालीस, “काढता येण्यासारखा नसतो, आई. आत पसरलेला असतो.”

“मग अशी गोष्ट कशाला सांगायची? चांगलं काहीतरी सांगावं, परीक्षा आहे.”

तू हसलीस. मी ते हसू हसूच समजले. मग तू विचारलंस, “तुम्हाला भूक लागलीय का?”

होळीनंतर तुझे डोळे पिवळे झाले. मला सांगितलं कावीळ. मग दवाखान्यात ठेवलं, आणि तिथं सुहासनं सांगितलं की खडे बिघडले, कॅन्सर निघाला. निघाला, म्हणाला. जसा काही आदल्या दिवशी निघाला. मी तुझ्याजवळ बसायचे. शेवटी शेवटी तू पुटपुटायचीस ते फ्रेंचच असायचं. मी म्हटलं, “मृणाल, मराठीत बोल. मला कळू दे.” तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, “दुधी नको.” हे तुझे माझ्याशी शेवटचे शब्द. मी हे मंडळाच्या अंकात लिहिते आहे, कारण ते खरे आहेत.

शोकसभेहून परत येताना मी सुहासला गाडी बाजूला घ्यायला लावली.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. डॉक्टर म्हणाले होते, फार काही हातात नाही. तिला केमो नको होती. एम.ए. पूर्ण करायचं होतं.”

“आणि मी? मी त्या घरात राहत नव्हते?”

त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. “आई, तिनं शपथ घातली होती. म्हणाली, आईंना कळलं की घराचा दवाखाना होईल. म्हणाली, मला घरात एक तरी माणूस असं हवंय जे माझ्यावर ओरडेल.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा चावून बघते, मृणाल, आणि ते मऊ होत नाही. तुला ओरडणारी हवी होती म्हणून तू मला आंधळी ठेवलंस. त्या फ्रान्समधल्या म्हातारीला मशीनचा आवाज हवा होता, तसा तुला माझा आवाज हवा होता. मी मशीन नव्हते. मला कळलं असतं तर मी रडले असते, हे खरं. पण रडून झाल्यावर ओरडलेही असते. मी नवरा मरायला टेकला तेव्हाही त्याला ओरडत होते, सुहासला विचार. तू मला इतकी वर्षं बघत होतीस, आणि तुला वाटलं मला एकाच वेळी रडता आणि ओरडता येत नाही?

आणि खिचडी. तू दोन दिवस वाट्टेल ते खाल्लं असतंस तर काय बिघडणार होतं? मी तुला श्रीखंड घातलं असतं. तळलेले मोदक घातले असते. मला कळलं असतं तर मी तुझा शेवटचा हिवाळा दुधीवर काढला नसता. हे तू माझ्याकडून करवून घेतलंस.

सुहास मग म्हणाला, “पण आई, तिनं विचारलं होतं की तुला. गोष्टीत. कुठवर आली म्हणून. मी मागच्या रांगेत होतो. तू म्हणालीस, आली, सांग पुढं.”

नाही. हे मी माझ्या पदरात घेणार नाही. जे फ्रेंचमध्ये सांगितलं, ते मराठीत विचारायचं, याला विचारणं म्हणत नाहीत. आत्या आम्हाला विचारायची ते आम्हाला कळणाऱ्या गोष्टीतलं विचारायची. तुला खरंच विचारायचं असतं, तर गाडीत विचारलं असतंस. मी पक्ष्याचं विचारत होते. दार उघडून उभी होते. तू म्हणालीस, “तुम्हाला भूक लागलीय का?”

रविवारी मी देविकाला घरी बोलावलं. ती विद्यापीठाजवळ मुनिरक्यात खोली घेऊन राहते. तिच्या पणजोबांना कोकणातून ऊस तोडायला मॉरिशसला नेलं होतं. तिची मराठी शाळेतली आणि आरतीतली. “आजी, मी अत्यंत दिलगीर आहे,” ती दारातच म्हणाली. मी म्हटलं, “चपला काढ आणि ये. दिलगिरी नंतर.”

भात लावला, वरण केलं, वांग्याची भाजी केली, तिखट. तुला आवडायची तशी, तुला मिळाली नाही तशी. मग देविकाला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, “सांग ती गोष्ट. जशी तिनं सांगितली तशी. मराठीत.”

“मला सगळे शब्द येणार नाहीत, आजी.”

“अडलं तर हिंदीत सांग. पण सगळी सांग.”

तिनं सुरू केलं. एक बाई होती. तिच्या पोटात एक पक्षी येऊन बसला. रोज तो तिच्यातला एक दाणा खायचा. देविका थांबली. माझ्याकडे पाहत राहिली.

“पुढं?”

“आजी, हुंकार दिल्याशिवाय मला सांगता येत नाही. आमच्याकडेही नाही सांगत.”

मी म्हटलं, “हं.”

त्या बाईच्या घरात एक म्हातारी होती. तिचे कान इतके तिखट की दूध उतू जायच्या आधी तिला ऐकू यायचं. घरातल्या भाषेत कोणी पुटपुटलं तरी तिला कळायचं. हं. म्हणून बाईला घरात पक्ष्याचं नाव घेता येईना. नाव घेतलं की म्हातारी दिवा लावून बसेल, आणि मग घरात सगळीकडे पक्षीच दिसेल. हं. मग बाई समुद्रापलीकडे गेली आणि तिनं एक भाषा उसनी आणली. ज्यांची भाषा हिसकावून घेतली होती, त्या लोकांकडून आणली, कारण उसन्या भाषेत दुःख कसं ठेवायचं हे त्यांना ठाऊक होतं. हं.

इथवर मी दिला. चांगली गोष्ट आहे. तुला सांगता येत होतं. हे मी कबूल करते आणि पुढं बोलते.

“मग बाईनं म्हातारीला समोर बसवलं,” देविका रडत रडत म्हणाली, “आणि उसन्या भाषेत सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकलं. म्हातारीला शब्द कळले नाहीत, पण तिला सगळं कळलं. आणि त्या रात्री बाई शांत झोपली.”

देविका थांबली. मी गप्प.

“आजी?”

कुकरची वाफ केव्हाच गेली होती. मी गप्पच.

“आजी, हे शेवटचं आहे. हुंकार...”

“नाही,” मी म्हटलं.

“पण मृणालताईनं असंच...”

“मृणालनं काय सांगायचं ते सांगितलं. हुंकारा माझा आहे. म्हातारीला कळलं नाही. म्हातारी समोर बसली होती, तिचे कान चांगले होते, आणि तिला काही कळलं नाही. बाई शांत झोपली असेल. म्हातारीला कोणी विचारलं नाही.”

देविकानं ओढणीनं तोंड पुसलं. “मग गोष्ट कुठवर आली, आजी?” तिनं हळूच विचारलं. कुठून शिकली हे विचारणं, ते मला ठाऊक आहे.

“बाईनं म्हातारीला फसवलं, तिथवर आली,” मी म्हटलं. “त्यापुढं नाही.”

मग मी उठले आणि पान वाढलं. कहाणी पुरी झालेली नसताना पान वाढलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. देविकानं दोनदा भाजी घेतली. तिखटानं तिच्या नाकातून पाणी येत होतं, पण ती खात होती. मला बरं वाटलं. तुझ्या जागेवर बसून कोणीतरी तिखट खात होतं. ती आता दर रविवारी येते म्हणते. येऊ दे. तिची मराठी मी सुधारीन.

तू मला कधी अडाणी म्हणाली नाहीस. घरात एवढी पुस्तकं आणलीस, पण माझ्या चौथीला कधी हसली नाहीस. मला शेजारी बसवलंस, मला वर्गात नेलंस, माझ्या आत्याचा नेम त्या पोरांना शिकवलास. हे सगळं मोजून मी बाजूला ठेवलं आहे, आणि तरीही ते पुरत नाही. हसली असतीस तर चाललं असतं. सांगायला हवं होतंस.

तुझ्या गोष्टीतली म्हातारी मीच. नाव इंदिरा. शिक्षण चौथी, फ्रेंच येत नाही, कान अजून शाबूत आहेत. तू मेलीस, आणि हे सगळं मी सोसलं.